पदवी भलतीच, आणि यायचंय कमोडिटीच्या धंद्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इतिहासात बी.ए. केलं, सहा वर्षं एका कुरिअरच्या कचेरीत हिशेब लिहिले आणि एकतिसाव्या वर्षी लातूरच्या एका तेलगिरणीत सोयाबीन खरेदीला लागलो. तिथून नवी मुंबईत, खाद्यतेल आणि कडधान्यं आयात करणाऱ्या एका कंपनीत. आता दर आठवड्याला कुणाच्या तरी ओळखीने कुणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

कमोडिटी ट्रेडिंग म्हणजे नेमकं कुठलं काम?

फोन करणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइल असतो: हिरव्या-लाल काड्या, रात्री साडेअकरापर्यंत चालणारं क्रूड, चांदीचा मिनी लॉट (लॉट म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप). ते वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या बाजारात, स्वतःच्या पैशाने सौदे करणं झालं. त्याला नोकरी लागत नाही, पदवी लागत नाही, फक्त डीमॅटवाल्या दलालाकडे खातं लागतं. करिअर बदलणं हा शब्द मी त्याला वापरत नाही.

दुसरं काम म्हणजे हाजर, म्हणजे प्रत्यक्ष मालाचं. सोयाबीन, तूर, साखर, रुई, पामतेल, तांबं, लोहखनिज, कोळसा यांपैकी काहीतरी एका ठिकाणी विकत घ्यायचं आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवून विकायचं. मधल्या काळात भाव पडला तर बुडू नये म्हणून वायद्यात उलटा सौदा करून ठेवायचा. म्हणजे वायदा इथेही आहेच, पण तो विम्यासारखा. जगातल्या मोठ्या कंपन्या, कारगिल, बंगी, लुई ड्रेफस, व्हिटॉल, ट्रॅफिगुरा, ग्लेनकोर, हेच करतात, आणि बाजार समितीतला आडत्या किंवा खरेदीदारही आपल्या परीने हेच करतो.

पुढची सगळी उत्तरं मुख्यतः या दुसऱ्या कामाबद्दल आहेत.

पदवी लागतेच का?

कायद्याने नाही. मान्यताप्राप्त दलालाकडे टर्मिनलवर बसून सौदे टाकायचे असतील तर एनआयएसएम या रोखे बाजाराच्या शिक्षणसंस्थेची कमोडिटी डेरिव्हेटिव्हजची (वायदे वगैरेंची) परीक्षा, म्हणजे मालिका सोळा, उत्तीर्ण व्हावी लागते. तिला बसायला कुठल्याही पदवीची अट नाही. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. दलालाचा अधिकृत प्रतिनिधी व्हायचं तर दहावी पुरते. फक्त पैसे घेऊन लोकांना सल्ला द्यायचा असेल तर सेबी या बाजार नियामकाची नोंदणी हवी, आणि तिथे शिक्षणाची अट आहे.

हा झाला कायदा. व्यवहार थोडा वेगळा. परदेशी कंपन्या कॉलेजातून थेट प्रशिक्षणार्थी घेतात, तिथे आयआयएम, आयआयटी, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशी चाळणी लागते आणि तुमचा अर्ज उघडलाही जात नाही. त्या दाराशी ताटकळत बसू नका. त्याच कंपन्यांत मालाची उचल, कागदपत्रं, गुणवत्ता, गोदाम या बाजूने माणसं सतत लागतात, आणि तिथे काम येतं का एवढंच बघतात. मार्क रिच हा विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला व्यापारी. न्यू यॉर्क विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट टाकून १९५४ मध्ये तो फिलिप ब्रदर्समध्ये लागला, तो टपाल विभागात. त्याने १९७४ मध्ये काढलेल्या कंपनीचीच पुढे ग्लेनकोर झाली. (अमेरिकेत करचुकवेगिरीचे आरोप ठेवले जाणार असं दिसताच तो १९८३ मध्ये स्वित्झर्लंडला पळाला. तेव्हा धडा टपाल विभागापुरताच घ्यावा.)

मग काय यायला हवं?

पडत काढता आली पाहिजे. माल माझ्या दारात, सगळा खर्च धरून, किती रुपयांना पडला, हा हिशेब. बाकी सगळं यावर चढतं.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी सोयीचे घेतलेत, आजचे भाव समजू नका. गिरणीपोच सोयाबीन ४,५०० रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ४५,०००. एका टनातून साधारण १८० किलो कच्चं तेल निघतं, ८१० किलोच्या आसपास पेंड म्हणजे डीओसी, उरलेली घट. तेल ११५ रुपये किलोने गेलं तर २०,७०० रुपये. पेंड ३२ रुपयांनी गेली तर २५,९२०. एकूण आले ४६,६२०. सोयाबीनची किंमत वजा केली की १,६२० राहिले. त्यातून वाफ, वीज, हेक्झेन (तेल काढायचं द्रावण), मजुरी, व्याज यांचे समजा १,४०० गेले. हातात २२० रुपये.

आता गंमत बघा. सौदा झाला होता दहा टक्के ओलाव्याचा आणि ट्रकमध्ये निघाला बारा टक्के. टनामागे वीसेक किलो पाणी तुम्ही सोयाबीनच्या भावाने विकत घेतलं. नऊशे रुपये. म्हणजे २२० चा नफा तर गेलाच, वर ६८० चा खड्डा. गिरणीच्या दारातल्या ओलावा मोजणाऱ्या यंत्राजवळ उभा असलेला माणूस तिथल्या सगळ्यांत महत्त्वाच्या माणसांपैकी एक असतो तो यामुळे. तो बहुतेक वेळा बारावी झालेला असतो.

मी पहिल्या दिवाळीच्या आधी असाच एक ट्रक सोडला होता. वरच्या पोत्यांचे नमुने काढले, कोरडे निघाले, सही केली. खालच्या थरातली पोती भिजलेली होती. मालक ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त बंबी हातात दिली आणि म्हणाले, "आता प्रत्येक पोत्यात घाला." बंबी म्हणजे पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची टोकदार नळी. त्या हंगामात माझ्या तळहाताला घट्टे पडले.

कापसाचं गणितही असंच, त्याला उतारा म्हणतात. शंभर किलो कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई, बाकी बहुतांश सरकी. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो, आणि गाठ १७० किलोची. यवतमाळ किंवा अकोल्याकडचा माणूस हे आकडे लहानपणापासून ऐकत आलेला असतो. पण ती आपली जमेची बाजू आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या आधीच्या कामाचा काही उपयोग होईल का?

बहुधा होईल, पण तो कुठे होईल ते शोधावं लागतं. बँकेत परदेशी व्यवहारांच्या विभागात काम केलं असेल तर सोनंच. लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीच्या, कागदांत एका शब्दाची तफावत निघाली की पैसे अडकतात, आणि ती तफावत बँकेच्या आधी दिसणारा माणूस प्रत्येक कंपनीला हवा असतो. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असाल तर तेलातली मुक्त स्निग्धाम्लं, पेंडीतली प्रथिनं मोजणं तुम्हाला आठवड्यात जमेल. वाहतुकीच्या धंद्यात असाल तर लातूर-मुंबई ट्रकचं भाडं कधी चढतं हे तुम्हाला माहीत असतं, जे एमबीएवाल्याला माहीत नसतं. कस्टम्सच्या एजंटाकडे न्हावाशेवाला काम केलेल्यांना तर लोक शोधत येतात.

कोकण आणि गोव्यातल्या मंडळींना मी आवर्जून सांगतो. घरोघरी जहाजावर काम केलेला कुणीतरी असतो. व्यापारी जहाजावरचा अनुभव म्हणजे जहाज भाड्याने घेणं, बंदरात किती दिवस थांबलं, डेमरेज (जहाज जास्त थांबल्याचा दंड) कुणी भरायचं, हे सगळं कळणं. व्यापाराचा अर्धा खर्च आणि निम्मी भांडणं तिथेच असतात. गोव्यात खनिजाच्या बार्जवर काम केलेल्यांचंही तसंच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे पुन्हा बंद झाले, तेव्हा मांडवी-जुवारीवरची पुष्कळ माणसं घरी बसली. जहाज पाण्यात किती बुडालं यावरून माल किती चढला हे काढणं, खनिजातला लोहाचा टक्का, ओलावा, हे ज्याने रोज पाहिलंय तो कोळशाच्या किंवा बॉक्साइटच्या कामात नवखा राहत नाही.

संगणक क्षेत्रातून येणाऱ्यांना मात्र थोडं कडू सांगतो. कोड लिहून भावाचा अंदाज बांधायची तुमची कल्पना शंभर जणांनी आधीच मांडलेली असते. त्यापेक्षा सौदे आणि जोखीम नोंदवण्याच्या प्रणाल्या सांभाळण्याच्या कामावर या. ट्रॅफिगुरासारख्या कंपनीचं मुंबईत मोठं कार्यालय आहे, तिथे आणि तशा ठिकाणी असं काम भरपूर असतं. तिथून सौदे करणाऱ्यांचं डेस्क चार पावलांवर आहे.

शिक्षकांनो, तुम्हाला समोरचा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून कळतं. मी थट्टा करत नाहीये.

पहिली नोकरी कुठली मागू?

"ट्रेडर" म्हणून अर्ज करू नका. कुणी तुमच्या हातात पहिल्या दिवशी पैसे देणार नाही, आणि देत असेल तर त्या कंपनीपासून दूर पळा.

खरेदी अधिकारी, गोदाम पर्यवेक्षक, गुणवत्ता तपासनीस, एक्झिक्युशन किंवा ऑपरेशन्स ही नावं शोधा. एक्झिक्युशन म्हणजे ट्रेडरने फोनवर दोन मिनिटांत केलेला सौदा पुढचे दोन महिने निस्तरणं. करारपत्र काढायचं, गाडी लावायची, वजनकाटा जुळवायचा, बिल पाठवायचं, तूट निघाली तर भांडायचं, पैसे आणायचे. कंटाळवाणं वाटतं. पण वर्षभरात तुम्हाला कळतं की कुठला खरेदीदार भाव पडला की मालात खोट काढतो, कुठली गिरणी पैसे वेळेवर देते, कुठल्या रस्त्यावर पावसाळ्यात गाड्या अडकतात. हे ट्रेडरलाही तुम्हालाच विचारावं लागतं, आणि एके दिवशी तो रजेवर असताना फोन तुमच्याकडे येतो. माझा पहिला सौदा असाच झाला, पंचवीस टन पेंड, अहमदनगरच्या कोंबडीखाद्यवाल्याला.

बाजार समितीत जाऊन शिकता येतं का?

येतं, आणि फुकट येतं. सकाळी लवकर जा, कडेला उभे राहा, मध्ये बोलू नका.

लासलगावला कांद्याचा लिलाव बघा. ट्रॉलीपुढे व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, माणूस दोन-चार कांदे दाबून बघतो आणि काही सेकंदांत भाव पुकारतो. तो नेमकं काय बघतो हे ओळखायचा प्रयत्न करा: पत्ती, रंग, आकार, मान बारीक आहे की जाड, कोंब. जाड मानेचा कांदा टिकत नाही, म्हणून साठवणुकीला घेणारा तो सोडून देतो. लातूरला सोयाबीन दाताखाली धरून बघणारी माणसं अजून आहेत. कट्ट झालं की कोरडं, दबलं की ओलं. यंत्र आहेच, पण दात आधी बोलतो.

सांगलीला हळदीच्या हंगामात दोन दिवस काढा. हळकुंड आणि गट्ठा यांच्या भावात फरक का, राजापुरी कशी ओळखायची, पॉलिश केलेल्या मालाचा रंग किती खरा, हे तिथले लोक सांगतात, फक्त चहा घ्यायला त्यांना वेळ असताना विचारा. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे, तेही बघून या. साठवणूक म्हणजे व्यापाराचा अर्धा भाग हे तिथे डोळ्यांना दिसतं. २०२३ मध्ये काही महिन्यांत हळदीचा भाव दुपटीहून वर गेला, तेव्हा ज्यांच्याकडे जुना साठा होता त्यांनी ग्राफ बघितला नव्हता.

काही बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची पद्धत चालायची. आडत्याचा आणि व्यापाऱ्याचा हात कापडाखाली, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाहेर उभा. उघड लिलाव का हवा हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आधी मोबाइलवर थोडे सौदे करून अनुभव घेऊ का?

इथे मला फार लिहायचंय, कारण इथेच लोकांची पुंजी जाते.

लॉटचा आकार आधी पाठ करा. एमसीएक्स या वायदे बाजारात चांदीचा मोठा लॉट ३० किलोचा, म्हणजे किलोला हजार रुपये हलले की ३०,००० हलले. क्रूडचा लॉट १०० बॅरलचा. नॅचरल गॅसचा १,२५० एकक, आणि गॅस एका रात्रीत वीस रुपये सहज हलतो. वीस गुणिले १,२५० म्हणजे २५,०००. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोव्हेंबरची रात्र होती, अमेरिकेच्या साठ्याचा आकडा यायचा होता, बायको झोपली होती. तिला सांगायला मला तीन दिवस लागले.

आणि मग २० एप्रिल २०२०. टाळेबंदीमुळे मागणी आटलेली, अमेरिकेत तेल ठेवायला जागा नाही. मे महिन्याचा क्रूडचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. भाव शून्याखाली! आपल्याकडे एमसीएक्स त्या दिवसांत संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं, आणि खरी पडझड आपल्या रात्री झाली. विकत घेतलेल्यांना बाहेर पडायला दारच नव्हतं. शेवटी हिशेब बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी झाला. एका लॉटला २,८८,४०० रुपये, वर खरेदीची रक्कम गेलीच. "फार तर शून्य होईल" असं धरून स्वस्तातलं तेल घेतलेल्यांचे हात त्या रात्री पोळले. हाजर मालातल्या माणसाला मात्र एक प्रश्न आधीच पडला असता: हे तेल मी ठेवणार कुठे?

शेअर बाजाराच्या वायदे-पर्यायांबद्दल सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तो आकडा शेअरांचा आहे, कमोडिटीचा नाही. तुम्ही स्वतःला उरलेल्या सातांत धरून बसला असाल तर हे पान मिटा.

तरी करायचंच असेल तर सर्वांत लहान लॉट घ्या, एक ग्रॅमचं गोल्ड पेटल पुरतं, आणि प्रत्येक सौद्यामागचं कारण वहीत लिहा. डबा ट्रेडिंग, म्हणजे एक्सचेंजबाहेर वहीवर चालणारे सौदे, बेकायदा आहे. जिंकलात तर पैसे मिळतीलच असं नाही, आणि तक्रार करायला जागा नाही. टेलिग्रामवर खात्रीच्या टिपा देणाऱ्याला एवढंच विचारा, की बाबा, खात्री आहे तर टिपा विकतोस कशाला?

म्हणजे हा सट्टाच ना? घरचे असंच म्हणतात.

घरच्यांचा दोष नाही. मुंबईत मटका सुरू झाला तोच न्यू यॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर पैजा लावून. त्याच्याही आधी, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना कापसाला अफाट भाव आला, प्रेमचंद रायचंदसारखे लोक मुंबईचे राजे झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बँकांसकट सगळं कोसळलं. ही आठवण या शहराच्या हाडात आहे. हार्बर लाइनवरून जाताना कॉटन ग्रीन स्टेशन लागतं ना, तिथे गाठींची गोदामं होती.

पण दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, त्याच मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली आणि देशातले पहिले संघटित वायदे सुरू झाले. गिरणीला सहा महिन्यांनी कापूस हवा आहे, भाव आज ठरवायचा आहे, म्हणून वायदा. घरच्यांना हे सांगा. आणि तुम्ही खरोखर सट्टा करत असाल तर तेही त्यांना सांगा.

कोर्स करू का?

एनआयएसएमची परीक्षा द्या, स्वस्त आहे आणि अर्जावर दिसते. पन्नास हजार घेऊन तीन दिवसांत ट्रेडर बनवणाऱ्यांकडे जाऊ नका. एक्सेल शिका. एफओबी (जहाजावर चढवून दिलेल्या मालाचा भाव) आणि सीआयएफ (विमा-भाडं धरून बंदरापोच भाव) यांत माल नेमका कुठल्या क्षणी कुणाच्या जोखमीवर जातो ते समजून घ्या. धान्य-पेंडीत जायचं असेल तर लंडनच्या गाफ्ता संस्थेचे करारनमुने वाचा, जगातला बराच धान्यव्यापार त्यांवर चालतो.

इंग्रजी कच्चं आहे. चालेल?

बोलण्याचं चालेल, वाचण्याचं नाही. वाशीच्या मार्केटात सौदे हिंदी, गुजराती, मारवाडी आणि मराठीत होतात. पण करारातलं एक कलम चुकीचं वाचलं तर जहाज अडकतं. वाचायचा सराव करा. गुजरातीतले आकडे ऐकून कळायला लागले तर तुमचं वजन लगेच वाढेल, असा माझा अनुभव.

सरकारने एका रात्रीत निर्णय बदलला तर नोकरीचं काय?

शेतमालात हे गृहीतच धरायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्कासह, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. नाशिकच्या निर्यातदाराने या दोन वर्षांत काय केलं असेल याचा विचार करा. खाद्यतेलाचंही तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं आयात शुल्क एकदम वीस टक्के मूळ दरावर नेलं, मे २०२५ च्या अखेरीस दहावर आणलं. ज्या कंपनीचं जहाज त्या मधल्या दिवसांत समुद्रात होतं तिला नशीब म्हणजे काय ते कळलं.

वायद्यांचंही तसंच. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने गहू, धान, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग या सात मालांचे वायदे एका वर्षासाठी थांबवले, आणि ती मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवत नेली. सोयाबीनवाले आम्ही तेव्हापासून शिकागोच्या वायदे बाजाराचा भाव बघून अंदाज बांधतो आणि विम्याशिवाय गाडी चालवतो. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळद, जिरे, गवार, एरंडी, सरकी पेंड असा माल राहिला. म्हणून मी नवीन माणसाला म्हणतो, एकाच मालाशी लग्न लावू नका. तेल येत असेल तर कडधान्य शिका. धातू आणि ऊर्जेत ही भीती तुलनेने कमी, पण तिथे शिरकावही अवघड.

नोकरी नको, थेट स्वतःचा धंदा काढला तर?

कागद सोपे आहेत. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत निघतो. बुडतात ते उधारीत. पहिले तीन सौदे रोखीत करणारा खरेदीदार चौथा मोठा सौदा उधारीवर मागतो, आणि तो चौथा सौदा हाच त्याचा खरा धंदा असतो.

दुसरं, माल डोळ्यांनी बघा. नॅशनल स्पॉट एक्सचेंजचं प्रकरण आठवा. ३१ जुलै २०१३ ला तिथले सौदे थांबले आणि सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. कागदावर गोदामं भरलेली होती. आता गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामांची इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे. तरी मी अजून गोदामात जातो, आणि थप्पीच्या मागच्या बाजूला जाऊन बघतो.

पगार?

पहिली दोन वर्षं आत्ताच्यापेक्षा कमी, हे धरून घरचा हप्ता बसवा. बोनस कशावर मोजतात ते लेखी घ्या: पूर्ण कंपनीच्या नफ्यावर, तुमच्या डेस्कच्या, की मालकांच्या मनावर. तिसऱ्या प्रकारात मी चार वर्षं काढली.

वय चाळीसच्या पुढे आहे.

वायद्याच्या टर्मिनलवर त्रास होईल. हाजर मालात पांढरे केस उपयोगी पडतात, उधारी वसूल करताना तर फारच.

मुलाखतीत काय विचारतात?

पदवीबद्दल कुणी विचारत नाही, आधीचं क्षेत्र का सोडलं हे विचारतात. खरं उत्तर द्या. मग परीक्षा सुरू होते. काल रुपया कुठे बंद झाला? शिकागोचं सोयाबीन बुशेलला अमुक सेंट आहे, टनाला डॉलर किती? (टनात ३६.७४ बुशेल.) मलेशियाचा पामतेलाचा वायदा रिंगिटमध्ये असतो, तो न्हावाशेवापोच रुपयांत काढून दाखवा. पेनाने, कागदावर. आकडा चुकला तर चालतो, पण विमा किंवा शुल्क धरायचं विसरलात तर नाही.

एका ठिकाणी मला मूठभर तूर टेबलावर टाकून विचारलं होतं, "ही कुठली?" मी म्हणालो, बर्मा. उत्तर चूक होतं, मोझांबिकची होती. पण मी आधी ती उचलून फोडून बघितली, म्हणून घेतलं, असं नंतर कळलं.

आत्ताची नोकरी कधी सोडू?

नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर, एक दिवसही आधी नाही. आणि हंगाम बघून. कारखान्यांचा गाळप हंगाम, कापसाची आवक, सोयाबीन, सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदम अंगावर येतं. तेव्हा कुणाला नवीन माणसाला शिकवायला वेळ नसतो, पण त्याच्या दोन महिने आधी गिरण्या आणि व्यापारी कंपन्या माणसं शोधत असतात. हळदीत जायचं असेल तर आवक फेब्रुवारीपासून, तेव्हा डिसेंबरात हालचाल करा. सोयाबीन-कापसाकडे यायचं असेल तर अर्ज गणपतीच्या आधी गेलेला बरा.